प्रदर्शनातील करडू आणि त्याचा धनी



वसंत ऋतूच्या संध्याकाळी गावातल्या लोकांनी एकत्र जमावे आणि चार उपयोगाच्या गोष्टी ऐकाव्यात, ही प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घातली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून इतिहास झाला, वेदान्त झाला, अर्थकारण झाले, राजकारण तर पुष्कळच झाले. त्या मानाने आजचा विषय फार खालच्या पायरीवरचा वाटेल. शेळ्यामेंढ्यांवर तासभर काय बोलायचे, असे काहींच्या मनात आले असेल. शहरात उभे राहून मी शेळ्यांविषयी बोलणार म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणार, असाही संशय कोणाला येईल. म्हणून मी फार दूर जात नाही. पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके, तिथली शेळी, तिथली मेंढी आणि ती सांभाळणारी आठ ते अठरा वर्षांची मुले, एवढेच क्षेत्र मी आज घेतले आहे.

विषय लहान असला तरी क्षुद्र नाही. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४३ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. एकट्या महाराष्ट्रात शेळ्यांची संख्या एक कोटीच्या वर आहे. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही. शाळेची फी, दवाखान्याचा खर्च, लेकीची पाठवणी, अशा ऐन वेळी ज्या घरी बँकेचे पुस्तक नसते तिथे दावणीची शेळी उभी असते. आणि त्या शेळीला पाला घालणारा, पाणी दाखवणारा, रानात नेणारा हात बहुतेक घरी लहान मुलाचा असतो.

प्रथम या मुलखाची ओळख करून घेऊ. शिरूर म्हणजे घोडनदी. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इथपर्यंत येताना दमून जातो. दौंडची स्थिती तीच. भीमा उशाला वाहते, पण आभाळ कोरडे. ज्वारी, बाजरी, बोरीबाभळी, कुसळी गवताचे माळ हे या भूमीचे मूळ रूप, आणि शेळीमेंढी हे त्या माळाचे स्वाभाविक पीक. पुढे खडकवासल्याचा कालवा दौंडकडे आला, चासकमानचे आणि घोड धरणाचे पाणी शिरूरकडे फिरले. ऊस आला, कारखाने आले, रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. लोकांच्या हातात पैसा आला, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु माळ आक्रसला. उसाच्या आडोशाने बिबट्या वस्तीला आला. शिरूर तालुक्यात आज रात्री उघड्यावर शेळी बांधणे म्हणजे तिचा निरोप घेण्यासारखेच आहे. पूर्वी चराईवर फुकट वाढणारे जनावर आता विचार करून, हिशोब करून वाढवावे लागते. मुलांना शास्त्रशुद्ध पशुपालन शिकवण्याची गरज आजच का आहे, त्याचे हे पहिले कारण.

या मुलखातल्या जाती कोणत्या? शेळ्यांत दोन नावे मुख्य. एक संगमनेरी. नगर, नाशिक आणि पुणे जिल्ह्यांच्या या पट्ट्यात ती घरचीच. रंगाने बहुधा पांढरी, कधी तांबूस वा काळे ठिपके असलेली, दूध आणि मांस दोन्हींसाठी उपयोगी. दुसरी उस्मानाबादी. मराठवाड्यातून आलेली, बहुतेक काळीभोर, उन्हाला आणि उपासाला न डगमगणारी आणि जुळी देण्यात नाव मिळवलेली. मेंढीमध्ये आपली दख्खनी. काळी किंवा करडी, जाडीभरडी लोकर, बेताचे शरीर, पण चालायला अशी चिवट की दिवाळीनंतर वाड्याबरोबर घाट उतरून कोकणात जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते.

आता प्रदर्शनाकडे वळू. आपल्याकडे जनावरांचे प्रदर्शन नवे नाही. यात्रा भरली की कुस्त्यांचा आखाडा जसा येतो तसा जनावरांचा बाजार येतो आणि बाजाराच्या कडेने प्रदर्शन येते. परीक्षक येतात, फेटे बांधले जातात, पहिला क्रमांक जाहीर होतो. त्या वेळी एक गोष्ट न्याहाळून पाहावी. बक्षीस मोठ्या माणसाच्या नावाने पुकारले जाते, परंतु दावे पुष्कळदा त्याच्या मुलाच्या किंवा पुतण्याच्या हातात असते. वर्षभर खस्ता खाल्लेल्या त्या मुलाचे नाव कोणत्याच कागदावर नसते.

अमेरिकेत याच गोष्टीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले गेले. १९०२ साली ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम नावाच्या एका शिक्षणाधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या मुलांचा एक मेळावा सुरू केला. मोठी माणसे नव्या पद्धती सहजासहजी स्वीकारत नाहीत, मुले स्वीकारतात आणि मुलांच्या हातून त्या घरात शिरतात, असा त्यामागचा अनुभव होता. अशा प्रयत्नांतून पुढे ‘फोर-एच’ नावाची चळवळ उभी राहिली. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे एकच आहेत, त्यावरून हे नाव पडले. १९१४ च्या कायद्याने तिला कृषिविस्ताराची जोड मिळाली. मुलाने स्वतः कोकरू निवडायचे, स्वतः वाढवायचे, त्याची नोंदवही ठेवायची आणि जत्रेत स्वतः ते परीक्षकासमोर उभे करायचे, असा तिथला क्रम आहे.

आपल्याकडेही या विचाराची बीजे आहेत, आणि ती शिरूर तालुक्यातच आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, हे त्याचे सूत्र. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात सुतारकाम, वीजकाम यांच्या बरोबरीने शेती आणि पशुपालन यांनाही स्थान आहे. तेव्हा मी सांगतो ते परदेशी कलम नव्हे. जमीन आपली आहे, रोपही आपले आहे, पाणी घालायचे बाकी आहे.

समजा, दौंड तालुक्यातल्या एखाद्या नववीतल्या मुलीने ठरवले की येत्या चैत्रातल्या यात्रेत आपले करडू उभे करायचे. तिने कोठून सुरुवात करावी?

पहिला नियम असा की करडू बाजारात न घेता कळपात जाऊन घ्यावे. आठवडे बाजारात जनावर दिसते, पण त्याची आई दिसत नाही. शेळीच्या निवडीत निम्मी परीक्षा आईची असते. आईची कास मऊ आहे का, दोन्ही सड सारखे आणि मोकळे आहेत का, तिने मागच्या वेतात किती करडे दिली आणि त्यांतली किती वाढवली, हे विचारावे. जुळ्यातले करडू जन्मतः थोडे लहान भरते म्हणून लोक एकट्या करडाकडे वळतात. ही चूक आहे. एकटे करडू आईचे सगळे दूध पिऊन गुटगुटीत दिसते, पण जुळ्यांची आई ही वंशाची कमाई आहे. ती सोडून आजच्या गुटगुटीतपणाला भुलणे म्हणजे मुद्दल देऊन व्याज घेणे होय.

दुसरी परीक्षा तोंडाची. शेळीमेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात असेपर्यंत जनावर अदत. साधारण सव्वा वर्षाच्या सुमारास मधली जोडी पडून रुंद पक्के दात येतात, ते दोन दाती. दोन वर्षांच्या आसपास चार दाती, अडीच वर्षांच्या पुढे सहा दाती आणि तीन-साडेतीन वर्षांनंतर सगळे आठ आले की जनावर जुळले असे म्हणतात. खाण्यापिण्याप्रमाणे यात दोन-चार महिने इकडेतिकडे होतात. वयाबरोबर जबडाही पाहावा. खालचे दात वरच्या गादीला नीट टेकले पाहिजेत. जबडा पुढे आलेला किंवा मागे गेलेला असेल तर ते जनावर माळावरचे आखूड गवत तोडू शकत नाही, आणि हा दोष पिल्लांत उतरतो.

तिसरी परीक्षा शरीराची. ही लांबून सुरू करावी. आधी जनावर चालताना पाहावे, मग उभे असताना आणि शेवटी हात लावून. पाठ सरळ हवी, छाती रुंद आणि खोल हवी, कारण तिच्यातच फुप्फुस आणि हृदय असते. पुढचे पाय एकमेकांना घासू नयेत, मागचे पाय गुडघ्यांत आत वळलेले नसावेत. खूर एकसारखे झिजलेले असावेत. डोळे पाणीदार, नाक कोरडेठाक नाही आणि वाहतेही नाही, शेपटीखालचा भाग स्वच्छ, लेंडी गोळीबंद. नर असेल तर दोन्ही वृषण खाली उतरलेले आणि सारख्या आकाराचे असलेच पाहिजेत. एक वृषण असलेला बोकड कितीही देखणा असला तरी पैदाशीला ठेवू नये.

आणि चौथा नियम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलाने पहिल्या वर्षी बोकड घेऊ नये, पाठ घ्यावी. कारण मी पुढे सांगणार आहे.

आता वेळेचा हिशोब. प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे मोजत यावे. करडू तीन महिन्यांचे झाले की दूध तोडता येते. त्या वेळी त्याचे वजन आठ-दहा किलोच्या आसपास असते. आपल्या देशी करडाची वाढ चांगल्या संगोपनात दिवसाला साधारण ६० ते १०० ग्रॅम होते. ८० ग्रॅम धरले तर चार महिन्यांत साडेनऊ किलो. म्हणजे सात महिन्यांचे करडू प्रदर्शनात वीस किलोच्या जवळपास भरावे. चैत्रात यात्रा असेल तर भाद्रपदात जन्मलेले करडू मार्गशीर्षात निवडावे, असा सोपा मेळ बसतो. घरी काटा नसेल तरी अडत नाही. छातीचा घेर इंचांत मोजावा, त्याचा वर्ग करावा, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे किलोत अंदाजे वजन येते. घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच असेल तर वजन सुमारे ३१ किलो. हे गणित शाळेच्या फळ्यावर करता येते आणि लगेच गोठ्यात ताडून पाहता येते. वर्ग आणि गुणाकार कशासाठी शिकायचे, हा प्रश्न मग त्या मुलीला पडणार नाही.

करडू घरी आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ते इतर जनावरांपासून वेगळे बांधावे, म्हणजे त्याच्या अंगात एखादा रोग दबा धरून असेल तर तो कळपात पसरत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातून लसी टोचून घ्याव्यात. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी, आणि पहिल्या वेळी दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. हिरवे लुसलुशीत गवत उगवले की रात्री धडधाकट असलेले कोकरू सकाळी मेलेले सापडते, ते पुष्कळदा याच रोगाने. दुसरी लस पीपीआरची. हा रोग भारतात १९८७ साली तमिळनाडूत प्रथम ओळखला गेला. बुळकांडीसारखीच त्याची लक्षणे असतात, ताप, तोंडात फोड, नाकाडोळ्यांतून स्राव आणि हगवण. गुरांची बुळकांडी २०११ साली जगातून हद्दपार झाली. पीपीआरलाही २०३० पर्यंत घालवण्याचा जगाचा संकल्प आहे. तो संकल्प मोठ्या परिषदांत मांडला गेला असला तरी पूर्ण व्हायचा तो गोठ्यातच.

जंतांकडे विशेष लक्ष द्यावे. कालव्याच्या पाझराने जिथे दलदल होते तिथे गोगलगायी वाढतात आणि त्यांच्या मार्फत यकृतातले चपटे कृमी जनावरात शिरतात. दौंडच्या बागायती पट्ट्यातल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. खालच्या पापणीचा आतला भाग हलकेच उघडून पाहावा. लालसर असेल तर ठीक, फिकट पांढरा पडला असेल तर जंत रक्त पीत आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी या रंगाचे पाच पायऱ्यांचे पत्रकच बनवले आहे. त्यामुळे कळपातल्या प्रत्येकाला सरसकट औषध न पाजता ज्याला गरज आहे त्यालाच देता येते आणि औषधाची धार बोथट होत नाही.

खाण्याचे म्हणाल तर वीस किलोच्या करडाला दिवसाला दोन किलो हिरवा पाला, पाव किलो कोरडा चारा आणि दीडशे ग्रॅम खुराक पुरतो. हिरव्यात शेवरी, सुबाभूळ, लसूणघास, बोरीबाभळीचा पाला. कोरड्यात तुरीचे भुसकट किंवा ज्वारीचा कडबा. खुराक घरी करता येतो. शंभर भागांत पन्नास भाग मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, पंचवीस भाग शेंगदाणा पेंड, बावीस भाग गव्हाचा कोंडा किंवा तुरीची चुणी, दोन भाग क्षारमिश्रण आणि एक भाग मीठ. येथे एक धोक्याची सूचना देतो. गुरांसाठी तयार केलेले क्षारमिश्रण मेंढीला देऊ नये. त्यातले तांबे शेळी बऱ्यापैकी सोसते, मेंढीच्या यकृतात मात्र ते साठत जाते आणि एके दिवशी विषासारखे उसळते. खुराक वाढवायचा तो दहा-पंधरा दिवसांत हळूहळू. प्रदर्शन जवळ आले म्हणून एकदम पाटीभर धान्य पुढे ठेवले तर पोटात आम्ल वाढून जनावर दगावते. खच्ची केलेल्या नराला अति धान्याने मूतखडा होतो. तो लघवीसाठी कुंथत राहतो आणि घरचे समजतात पोट साफ नाही. भरपूर स्वच्छ पाणी आणि पाल्याचा पुरेसा वाटा हाच त्यावरचा उपाय.

गोठ्यात प्रत्येक शेळीला दहा-बारा चौरस फूट बंदिस्त जागा आणि तिच्या दुप्पट मोकळी जागा असावी, जमीन कोरडी असावी आणि रात्री चारही बाजूंनी व वरूनही मजबूत जाळी असावी. जाळी कशासाठी, हे शिरूरच्या माणसाला सांगायला नको.

शेवटच्या सहा आठवड्यांत शिकवणी. रोज संध्याकाळी करडाला दाव्याने चालवावे, थांबवावे, चारही पाय सारखे टेकून उभे करावे, अनोळखी माणसाला त्याच्या पाठीवर हात फिरवू द्यावा. खूर साळावेत. आदल्या दिवशी अंग धुऊन कोरडे करावे. यातून करडू शिकते हे खरे, पण मुलगी त्याहून अधिक शिकते. जो प्राणी ओढून पुढे येत नाही तो विश्वासाने येतो, हे व्याख्यानातून कळत नाही.

श्रोतेहो, येथवर सगळे गोड वाटले असेल. आता कडू भागाकडे येतो. प्रदर्शनाला लबाडीचीही एक परंपरा आहे. आदल्या रात्री मीठ चारून सकाळी पोटभर पाणी पाजले की काट्यावर वजन वाढते. दात घासून किंवा वय खोटे सांगून मोठे जनावर लहानांच्या गटात उभे केले जाते. केसांना रंग लावला जातो. आपल्याकडेच असे होते असे नव्हे. ज्या अमेरिकेचा दाखला मी दिला, तिथे १९९० नंतरच्या दशकात मुलांच्या प्रदर्शनांतल्या जनावरांच्या अंगात क्लेनब्युटेरॉल नावाचे औषध सापडले. त्याने मांस भराभर वाढते, पण ते मांस खाणाऱ्या माणसालाच अपाय होतो. तेव्हापासून तिथे विजेत्या जनावरांची औषधचाचणी करावी लागते. विचार करा, बारा-चौदा वर्षांच्या मुलाला हे औषध कोणी आणून दिले असेल? लबाडी मूल स्वतः शोधत नाही. ते ती घरात शिकते, आणि बक्षीस मिळाले की ती पक्की होते.

याहून सूक्ष्म असा आणखी एक धोका आहे, आणि त्यात कोणीच लबाड नसतो. परीक्षक मोठ्या जनावराला बक्षीस देतात, लोक मोठ्या जनावराकडे पाहून टाळ्या वाजवतात. लांब कान, बाकदार नाक, डोंगराएवढा नर. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेंढ्यांचे नर लाखांच्या घरात विकले गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. ती जात तिच्या मुलखात उत्तमच आहे. परंतु त्या बातमीला भुलून शिरूरच्या कोरड्या माळावरचा शेतकरी परमुलखातला अवाढव्य नर आपल्या लहानखुऱ्या मेंढ्यांवर सोडतो, तेव्हा काय होते? पोटातले कोकरू मोठे, विण्याला अडचण. जन्मलेल्या पिल्लाची भूक मोठी, माळ मात्र तेवढाच. दोन पिढ्यांनी दख्खनीची चिवट चाल जाते आणि परक्याचे आकारमानही टिकत नाही. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले.

सुधारणा करूच नये असे मी म्हणत नाही. सुधारणा कशी करावी याचा धडा आपल्या शेजारीच, फलटणला आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे १९६८ साली स्थापन झालेल्या संस्थेने, बंगालच्या सुंदरबनातली गारोल नावाची अगदी लहान मेंढी आणली. तिच्यात जुळी देण्याचा एक गुण आहे. तोच गुण अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेला होता आणि तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत टिकून राहिला, असे पुढे शास्त्रज्ञांना आढळले. त्याचे नेमके जनुक २००१ साली सापडले. फलटणच्या संशोधकांनी हा एक गुण दख्खनीत आणला, पण शरीर, पाय आणि सोशिकपणा दख्खनीचाच राहील याची काळजी घेत पिढ्यामागून पिढ्या निवड केली. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. हवे ते एक घेतले आणि आपले होते ते सांभाळले. यात काट्यावरचे वजन कोठेच नव्हते, नोंदवही मात्र पानोपानी होती.

म्हणून माझी मागणी अशी. शिरूर आणि दौंडच्या यात्रांमध्ये जिथे जिथे जनावरांचे प्रदर्शन भरते तिथे मुलांसाठी स्वतंत्र गट ठेवावा, आणि त्याच्या शंभर गुणांची वाटणी आधीच फळ्यावर लिहावी. जनावराच्या ठेवणीला चाळीस. आरोग्याला आणि स्वच्छतेला वीस. नोंदवहीला पंचवीस. आणि मुलाने जनावर कसे हाताळले व परीक्षकाच्या प्रश्नांना काय उत्तरे दिली, याला पंधरा. वजनाला एकही गुण नको. नोंदवहीत करडाच्या आईची माहिती, दर पंधरवड्याचे वजन, लसींच्या तारखा, खुराकाचा खर्च आणि मुलाच्या हस्ताक्षरात केलेला नफातोट्याचा हिशोब असावा. तोटा आला तरी गुण कापू नयेत. खोटा नफा दाखवला तर मात्र सगळे कापावेत. नव्या गटांतला पहिला मान ‘शेळी आणि तिची जुळी’ या गटाला द्यावा. आणि बोकड पैदाशीचा असेल तरच उभा करावा, व त्याच्या धन्याने दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावात देण्याचे कबूल करावे. एकच नर वर्षानुवर्षे त्याच कळपात राहिला की तो आपल्याच लेकींवर जातो आणि कळप खुरटतो.

दुसरी मागणी फिरत्या मेंढपाळांच्या मुलांसाठी. आपल्या यात्रा बहुतेक चैत्रात भरतात. त्या वेळी वाडे परमुलखात असतात, कोणाच्या तरी शेतात मेंढ्या बसवून वाघूर ताणलेली असते. ज्यांना मेंढीची सर्वांत जास्त जाण, तीच मुले प्रदर्शनाला नसतात. वर्षातून एक प्रदर्शन श्रावण-भाद्रपदात भरवावे, वाडे घरी परतलेले असताना. ज्या मुलाची शाळा वाटेत सुटत राहते, ज्याला वर्गात मागच्या बाकावर बसवले जाते, त्याला एक दिवस तरी गुरुजी विचारतील, ‘बाळ, ही मेंढी आजारी आहे हे तू कसे ओळखलेस?’ त्या दिवशी तो शिक्षक होईल आणि वर्ग विद्यार्थी. शाळेत परत येण्यासाठी यापेक्षा मोठे आमंत्रण मला ठाऊक नाही.

आता पाठ घ्यावी असे मी का म्हणालो, ते सांगून संपवतो. बोकडाचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. प्रदर्शनानंतर तो विकला जातो, कोणत्या ना कोणत्या बाजारातून खाटकाकडे जातो. शेती म्हटली की हे आले, आणि त्याबद्दल खोटे अश्रू ढाळण्यात अर्थ नाही. पण सहा महिने ज्याच्या अंगावर हात फिरवला, ज्याला नाव दिले, त्याचे दावे दुसऱ्याच्या हातात देताना मुलाच्या मनात काय होते, याचा विचार मोठ्यांनी केला पाहिजे. काही घरी मुलाला शाळेत पाठवून मागे बोकड विकतात आणि संध्याकाळी सांगतात, ‘सुटून गेला.’ हे फार वाईट. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, अशी आपली म्हण आहे. इथे शेळीबरोबर मुलाचा विश्वासही जातो, आणि त्याची चव तर कोणालाच कळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी पाठ. ती घरात राहते, वर्ष-दीड वर्षात गाभण जाते, पाच महिन्यांनी विते. त्या रात्री मूल कंदील किंवा विजेरी घेऊन गोठ्यात बसते, करडाला तासाभराच्या आत चीक पाजते आणि त्याला जन्म म्हणजे काय ते कळते. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जेव्हा नर विकायची वेळ येते तेव्हा त्याला आधीच सांगावे, विक्रीच्या वेळी त्याला समोर उभे करावे आणि पैसे त्याच्या हातात मोजून द्यावेत. ज्याने जन्म पाहिला आहे तो मोबदलाही डोळे उघडे ठेवून घेऊ शकतो. जनावराला शेवटपर्यंत उपाशी, तहानलेले, ताटकळत ठेवायचे नाही, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

तुम्ही शहरातली माणसे. तुमच्यापैकी फार थोड्यांच्या दारात शेळी असेल. पण यात्रेला तुम्ही जाता, प्रदर्शनाच्या कडेला उभे राहता आणि टाळ्या तुमच्याच असतात. परीक्षक त्या टाळ्यांचा आवाज ऐकतो. येत्या यात्रेत सर्वांत अजस्र नराभोवती गर्दी करण्यापूर्वी शेवटच्या रांगेत जा. तिथे एखादी मुलगी मध्यम आकाराची काळी शेळी आणि तिची दोन करडे धरून उभी असेल. तिला वही दाखवायला सांगा, दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर बरोबर आले तर टाळी तिथे वाजवा.